वकील नसलेली माणसं अपंग हक्कांच्या संस्थेत काय काम करतात? (नाशिक)

इंदिरानगर_२२

नमस्कार. मी नाशिकलाच एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. अपंगांच्या हक्कांसाठी कोर्टकचेरीचं काम करणाऱ्या संस्थांमध्ये कोणकोण माणसं असतात, त्यांचा दिवस कसा जातो, हे ज्यांनी आतून पाहिलंय त्यांच्याकडून ऐकायचंय.

माझा धाकटा भाऊ जन्मापासून कर्णबधिर. आयटीआय केलं, फिटर. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका ठेकेदारामार्फत कामाला लागला. मागच्या दिवाळीआधी ठेकेदाराने तीन महिन्यांचा पगार थकवला आणि कामावरून काढून टाकलं. मी त्याला घेऊन दोन-तीन कार्यालयांत गेले. सगळीकडे एकच प्रकार. साहेब माझ्याकडे बघून विचारणार, मी सांगणार, तो शेजारी बसून आमच्या दोघांच्या ओठांकडे बघणार. लहानपणापासून असंच चालत आलंय. शाळेत, दवाखान्यात, बँकेत त्याच्या वतीने मीच बोलते. त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलंही नव्हतं.

मग कॉलेजच्या एका मॅडमनी एका संस्थेचा पत्ता दिला. तिथल्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आता तू थोडा वेळ बाहेर बस, चहा घे." आत भाऊ, त्या आणि एक दुभाषी. सव्वा तासाने बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात लिहिलेली दोन पानं होती आणि त्यातलं निम्मं मला ठाऊक नव्हतं. पगाराचं होतंच. पण प्रेस मशीनवर धोक्याची सूचना फक्त भोंग्याने मिळायची, दिवा नव्हता. त्याने चार वेळा कागदावर लिहून दिवा मागितला होता. चौथ्यांदा मागितल्यावर आठवड्याभरात त्याला काढलं. त्या चारही कागदांचे फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होते. मी सख्खी बहीण, एका घरात राहतो, एकत्र जेवतो, आणि हे मला त्या दिवशी कळलं.

नोटिशीनंतर पगार मिळाला. दिव्याचं प्रकरण अजून चालू आहे. मला मात्र त्या दिवसापासून हेच काम करायचंय. घरचे म्हणतात, सीबीएसला, कोर्टापाशी, ओळखीचे सिनियर वकील आहेत, त्यांच्याकडे दिवाणी शीक, जमिनीची कामं कर, संस्थेत काय ठेवलंय? खरं सांगायचं तर मला वकिलापेक्षा त्या बाईंचं काम जास्त भावलंय. सनद (वकिलीचा परवाना) घेऊन असं काम करता येतं का? पगार नियमित होतो का? वकील नसलेल्यांचं तिथे नक्की काय काम असतं?

पोहोच

तुला अगंतुगं करते, माझी मुलगी तुझ्या वयाची आहे. मी वकील नाही. २००९ सालापासून नाशिकमधल्या अशाच एका संस्थेत केसवर्कर आहे, त्याआधी एका शाळेत कारकून होते. डावा पाय पोलिओचा, कॅलिपर घालते.

तुला बाहेर बसवलं ते बरोबर केलं. वाईट वाटलं असेल, पण आमचं काम तिथूनच सुरू होतं. आमच्याकडे दारातल्या टेबलावर नव्या मुलांना बसवत नाहीत, सगळ्यात जुनं माणूस बसतं. येणारा एकटा येत नाही. बरोबर आई असते, भाऊ असतो, कधी गावचा पुढारी असतो, आणि बोलायला तेच सुरुवात करतात.

सहा वर्षांपूर्वी सिन्नर तालुक्यातून एक वडील मुलीला घेऊन आले. मुलगी सव्वीस वर्षांची, सेरेब्रल पाल्सी, व्हीलचेअरवर. वडिलांना कायदेशीर पालकत्वाचे कागद हवे होते. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीला ही समिती पालक नेमून देऊ शकते. वडिलांना हे सगळं नीट माहीत होतं, कारण एका बँकेने सांगितलं होतं की मुलीला सही येत नाही, पालकत्वाचा आदेश आणा, मग खातं उघडू.

मी मुलीला विचारलं, तुला काय हवंय? वडील बोलायला लागले, त्यांना हाताने थांबवलं. मुलगी बोलते, पण एकेक शब्द यायला वेळ लागतो. अशा वेळी घड्याळाकडे बघायचं नाही आणि वाक्य आपण पुरं करायचं नाही, एवढं शिकायला मला दोन-तीन वर्षं लागली. ती म्हणाली, "पैसे माझे. अंगठा माझा." गावातल्या बचत गटांचे हिशेब ती मोबाइलवर ठेवायची, त्याचे थोडे पैसे तिला मिळत होते. ते वडिलांनी मला सांगितलेच नव्हते. लपवायचं होतं असं नाही, त्यांना ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

त्यांचा जीव होता मुलीवर. पण ते मागत होते तो कागद मिळाला असता, तर पुढे तिच्या प्रत्येक व्यवहाराला दुसऱ्याची सही लागली असती. आम्ही पालकत्वाचा अर्ज केलाच नाही. बँकेला पत्र दिलं. त्यात दिव्यांगजन हक्क कायदा, २०१६ चं कलम १३ टाकलं. स्वतःचे आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळायचा हक्क त्यात आहे. सही करू न शकणाऱ्या खातेदाराच्या हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा दोन साक्षीदारांसमोर घेता येतो, त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असावा, ही रिझर्व्ह बँकेची सूचनाही जोडली. अकराव्या दिवशी खातं उघडलं. वकिलाने फक्त मसुदा तपासून दिला होता. बाकी काम होतं दारातल्या टेबलावर गप्प बसून ऐकण्याचं.

आता माझ्या इथल्या नावाचं. लोक आमच्याकडे येतात तेव्हा त्यांनी वीस-पंचवीस खेटे घातलेले असतात. अर्जाची प्रत मागितली की उत्तर येतं, "साहेबांना तोंडी सांगितलंय." मग आम्ही पहिल्यापासून सुरू करतो. अर्ज लिहायचा, दोन प्रती काढायच्या, आवक विभागात द्यायचा, आपल्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्यायची. हीच पोहोच. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवायचा आणि पावती सांभाळायची. महिनाभर काही हललं नाही तर माहिती अधिकारात विचारायचं, अमुक तारखेच्या माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली, सध्या तो कुणाच्या टेबलावर आहे. पुष्कळ कामं इथेच मार्गी लागतात. जी लागत नाहीत त्यांच्यासाठी वकील उभे राहतात, आणि तेव्हा त्यांच्या हातात ती शिक्क्याची प्रत असावी लागते. नसेल तर समोरचे पहिल्या वाक्यात सांगतात, असा अर्ज आमच्याकडे आलेलाच नाही.

आमच्याकडे दोन वकील आहेत. त्यांची खरी हुशारी कुठल्या दारात जायचं हे ठरवण्यात दिसते. पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. साक्षीदाराला बोलावणं, कागद मागवणं, यासाठी आयुक्तांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. पण शेवटी निघते ती शिफारस. त्या कार्यालयाने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं. कधी तेवढ्याने काम होतं, कधी मुंबईला उच्च न्यायालयात रिट करावी लागते. पक्षकाराचं वय, पैसा, दम किती आहे हे बघून वकील ठरवतात, आणि ते त्यांना केसवर्करने सांगायचं असतं.

आमचा एक सहकारी सुरगाण्याचा आहे, कोकणा बोलतो. तो नसता तर सुरगाणा-पेठ भागात आमचं काम झालंच नसतं. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल त्यात आले. सिकलसेलच्या मुलाच्या आईला हे सांगायचं असेल तर तिच्या ओट्यावर बसून तिच्या बोलीत सांगावं लागतं. तो पहाटेच्या एसटीने माणसांना घेऊन सिव्हिल हॉस्पिटलला येतो, अपंगत्वाचं प्रमाणपत्र देणाऱ्या बोर्डापुढे नंबर लागेपर्यंत थांबतो आणि संध्याकाळी परत घरी पोचवतो. हे काम कुठल्याही अहवालात दोन ओळींत संपतं, प्रत्यक्षात त्यात त्याचा पूर्ण दिवस जातो.

शब्दांचंही सांगते. सरकारी कागदावर दिव्यांग लिहावंच लागतं. मी स्वतःला अपंग म्हणते, माझे बरेच सोबती तेच म्हणतात. समोरचा स्वतःला काय म्हणतो ते आधी ऐकायचं आणि तोच शब्द वापरायचा. "मूकबधिर" मात्र टाळ, त्या लोकांना भाषा आहे.

हरलेलंही एक सांगते, कारण या कामात ते मला सगळ्यात जड गेलं. २०२३ चा फेब्रुवारी. बारावीचा एक मुलगा, लिहिताना हात आखडायचा. प्रमाणपत्रावर तीस टक्के. चाळीसच्या खाली लेखनिक (पेपर लिहून देणारा) मिळत नाही, असं त्याला कॉलेजात सांगितलं होतं. ते चूक होतं. ११ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार यांच्या प्रकरणात सांगितलं होतं की लेखनिक फक्त चाळीस टक्क्यांवाल्यांनाच, अशी अट घालता येणार नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने चाळीसच्या खालच्यांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वंही काढली होती. परीक्षेला नऊ दिवस उरले असताना मुलगा आमच्याकडे आला. मी त्याच दिवशी कॉलेजला पत्र दिलं, पोहोच घेतली. मंजुरी ज्या वरच्या कार्यालयाची लागत होती, तिथे त्याच दिवशी प्रत द्यायला हवी होती. ती मी चार दिवसांनी दिली. मंजुरी आली तेव्हा तीन पेपर होऊन गेले होते. ते त्याने स्वतःच्या हाताने लिहिले, आणि त्यातला एक राहिला. पुढच्या वर्षी तो पास झाला, पण ते वर्ष माझ्या चार दिवसांत गेलं. तेव्हापासून ऑफिसच्या भिंतीवर मोठं कॅलेंडर आहे. प्रत्येक प्रकरणात कुठली तारीख टळली की हक्क हातून जातो, ती तारीख त्यावर लाल पेनने लिहायची.

आता तुझे प्रश्न. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी करताना वकिली करता येत नाही. म्हणून संस्थांमधले कोर्टात उभे राहणारे वकील फीवर काम करतात, आणि जे पगारावर असतात ते सनद स्थगित ठेवून संशोधन, मसुदे, प्रशिक्षण बघतात. कुठलं करायचं ते परीक्षा झाल्यावर ठरव, घाई नाही. पगाराचं खरं सांगते, निधी प्रकल्पावर येतो आणि एक प्रकल्प संपून दुसरा सुरू होईपर्यंत ओढाताण होते. आमचा पगार दोनदा दोन-दोन महिने थांबला आहे.

शिकत असतानाच सुरुवात करायची असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे विधी स्वयंसेवक म्हणून नाव दे. कायद्याचे विद्यार्थी घेतात. विधी सेवा कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अपंग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. हे किती अपंगांना माहीत आहे ते तुला पहिल्याच आठवड्यात कळेल.

दिवाणी_फौजदारी

पंचवीस वर्षं जिल्हा न्यायालयात वकिली करतोय. मॅडमनी लिहिलं ते मान्य, तरी या मुलीला माझा सल्ला आहे की सिनियरकडे किमान दोन वर्षं काढ. उलटतपासणी, मनाई अर्ज, पुरावा कसा शाबीत करायचा, हे तिथेच बसून येतं. चांगल्या मनाने पण कच्च्या हाताने चालवलेली अपंगांची प्रकरणं मी पाहिली आहेत, त्यात नुकसान पक्षकाराचं होतं. घरचे सांगतायत ते तुझ्या कामाच्या विरोधात आहे असं समजू नकोस. शिकून मग तिकडे जा.

पोहोच

वकीलसाहेब, हे पटलं. आमच्या दोघांपैकी जे वकील जास्त प्रकरणं जिंकतात, ते आधी आठ वर्षं दिवाणीच करत होते. मुलीने शनिवार-रविवार आमच्यासारख्यांकडे यावं, बाकीचे दिवस तुमच्यासारख्यांकडे.

हातांची_भाषा

मी दुभाषी. आई-वडील दोघेही कर्णबधिर, त्यामुळे खुणांची भाषा मी बोलण्याआधी शिकलो. पुढे रीतसर कोर्स केला, भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी घेतली. नाशिक, धुळे, नगर इथून संस्था, पोलीस आणि कोर्ट बोलावतात.

तुमचं पत्र वाचताना आईची आठवण झाली. तिच्या वतीने मीही वीस वर्षं बोललो. दुभाषी झाल्यावर पहिली गोष्ट शिकलो ती ही, की मुलगा म्हणून बोलताना मी आईचं बोलणं सौम्य करून सांगत होतो. डॉक्टरवर ती चिडली असेल तर मी डॉक्टरांना सांगायचो, "तिला जरा काळजी वाटतेय." दुभाष्याला ते करता येत नाही. ती चिडली असेल तर समोरच्याला राग पोचलाच पाहिजे, समोरच्याने तिला अपमानकारक बोललं असेल तर तेही तिला तसंच पोचलं पाहिजे.

एक बारीक गोष्ट सांगतो, कायदा शिकणाऱ्याने ती लक्षात ठेवावी. कर्णबधिर माणूस समोरचा बोलत असताना मान हलवत राहतो. त्याचा अर्थ "बघतोय, चालू द्या" एवढाच असतो. पोलीस ठाण्यात किंवा साक्षीच्या वेळी लिहिणारा ती मान "हो" म्हणून लिहून टाकतो. निफाड तालुक्यातल्या एका बाईंच्या जबाबात असे सहा "हो" होते. त्यातले चार प्रश्न त्यांना समजलेच नव्हते. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या, भारतीय खुणांची भाषा त्यांना येत नव्हती, घरात आणि शेतात तयार झालेल्या घरच्या खुणा होत्या. माझ्या खुणा त्यांना कळेनात. तेव्हा संस्थेने आणखी एका कर्णबधिर गृहस्थांना बोलावलं. त्या बाई घरच्या खुणांत आणि अभिनयाने सांगायच्या, ते मला भारतीय खुणांत सांगायचे, मी मराठीत. उलट प्रवासही तसाच. तीन ओळींच्या जबाबाला दोन तास लागले, पण तो जबाब त्यांचा होता.

२०१६ च्या कायद्यात कलम १२ आहे. ज्याला ज्या भाषेत आणि ज्या पद्धतीने सांगता येतं त्या पद्धतीने त्याची साक्ष नोंदवायची सोय झाली पाहिजे, असं ते म्हणतं. लैंगिक अत्याचाराची तक्रार अपंग स्त्रीची असेल तर तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या जागी, दुभाषी किंवा विशेष शिक्षकासमोर, चित्रीकरण करून नोंदवायची असते. ठाण्यात हे माहीत नसतं असं नाही, पण रात्री नऊ वाजता दुभाषी कुठून आणायचा हा त्यांचाही प्रश्न असतो. म्हणून संस्थेत दुभाष्यांची यादी आणि रात्री फोन उचलणारं माणूस असावं लागतं.

सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकिलांनी दुभाष्याच्या मदतीने सर्वोच्च न्यायालयात बाजू मांडली. मी ते वडिलांना दाखवलं. त्यांनी तो भाग तीन वेळा परत लावायला सांगितला.

ताई, तुम्हाला खुणांची भाषा किती येते? रागावू नका, पण पत्रात तुम्ही "ओठांकडे बघणार" लिहिलंय.

मनमाडची_आई

मी संस्थेतली नाही, मी तिथे मदत मागायला गेलेली आहे. आमचे हे एका सरकारी आस्थापनेत ड्रायव्हर. डोळ्यांचा आजार निघाला, रात्रीचं दिसेना, मग तपासणीत अनफिट. तिथल्या ऑफिसात एक छापील कागद पुढे ठेवला, स्वेच्छेने सेवानिवृत्ती घेतो म्हणून. पुढच्या सोमवारी सही करायला या म्हणाले. आमच्या जाऊबाईंनी या संस्थेचा नंबर दिला. मी फोन केला तर तिथल्या बाई म्हणाल्या, "काही करा, पण त्या कागदावर सही करू नका. आजच्या आज या." आम्ही मनमाडहून दुपारच्या गाडीने आलो.

तिथे कळलं की सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कामावरून काढता येत नाही, दुसरं काम द्यावं लागतं, पगाराची श्रेणी तीच ठेवून. २०१६ च्या त्याच कायद्याचं कलम २०. जागा नसेल तर जादा पद तयार करून त्यावर ठेवायचं. सही केली असती तर आपणच नोकरी सोडली असं झालं असतं. वकिलांनी पत्रं लिहिली, पुढे पुण्याला दोन सुनावण्या झाल्या. वर्ष गेलं, पण आता हे स्टोअरमध्ये बसतात, पगार तोच आहे.

पण मला सांगायचंय ते वेगळं. त्या वर्षात हे घरातून बाहेर पडेनात, जेवेनात. मला भीती वाटायची, रात्री उठून बघायची मी यांना. त्या संस्थेत एक समुपदेशक मॅडम आहेत. त्या तीन वेळा घरी आल्या, एकदा तर पावसात. केसचं काही बोलल्या नाहीत. यांना पांढरी काठी धरून चालायला शिकवणाऱ्या माणसाची गाठ घालून दिली. हा माणूस स्वतः पूर्ण अंध, तो यांना घेऊन संध्याकाळी स्टेशनपर्यंत जायचा. परत आले की हे जेवायचे. वकिलांचे उपकार आहेतच. पण आमचे हे सुनावणीला उभे राहायला जिवंत राहिले ते या दोघांमुळे, असं मी मानते. तुम्ही विचारलंत की वकील नसलेले काय करतात, म्हणून लिहिलं.

टेप_आणि_पाणसळ

मी सिव्हिल इंजिनिअर, गंगापूर रोडला ऑफिस. अशा संस्थेसाठी वर्षातून काही इमारतींचं सुगम्यता परीक्षण करतो. माझं काम थोडक्यात सांगतो. उताराचं प्रमाण एकास बारा हवं. म्हणजे जोतं दोन फूट उंच असेल तर रॅम्प चोवीस फूट लांब. मागे एका सरकारी इमारतीत दोन फुटांच्या जोत्याला पाच फुटांचा रॅम्प बांधला होता, वर गुळगुळीत फरशी. कागदोपत्री "रॅम्प उपलब्ध". संस्थेच्या वकिलांनी मला बोलावलं, मी टेप आणि पाणसळ घेऊन गेलो, मापं घेतली, फोटो काढले, आकृती काढून सही-शिक्क्याने अहवाल दिला. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे किमान नियम सक्तीचे करा असं केंद्राला सांगितलं, तेव्हापासून मापांच्या अहवालाला वजन आलंय. पण मोजायला मी एकटा जात नाही. बरोबर व्हीलचेअर वापरणारे एक सहकारी असतात. दरवाजा नव्वद सेंटिमीटर भरला म्हणून मी पुढे निघालो होतो, त्यांनी दाखवलं की दाराला लागूनच पायपुसण्याचा खळगा आहे आणि चाक त्यात अडकतं. माझ्या टेपला तो दिसला नव्हता.

इंदिरानगर_२२

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा सगळा धागा भावाला वाचायला दिला. त्याने एका जागी बोट ठेवलं, मान हलवण्याच्या. मग मला लिहून दाखवलं, "डॉक्टरकडे मी हेच करतो. दोनदा गोळ्या चुकल्या."

दुभाषीदादा, मला फार थोड्या खुणा येतात. आम्ही ओठ, हातवारे आणि लिहून चालवत आलो. घरात सगळ्यांचं तेच. त्याच्या मित्रांबरोबर तो वेगळाच माणूस असतो, भराभर, हसत, आणि मला त्यातलं काही कळत नाही. रोज जेवणानंतर अर्धा तास तो मला शिकवणार असं आमचं कालच ठरलं. पहिल्या दिवशी दहा खुणा झाल्या, त्यातल्या तीन मी उलट्या हाताने करत होते.

वकीलसाहेब, सिनियरना पुढच्या आठवड्यात भेटते. पोहोच मावशी, शनिवारी येऊ का?

पोहोच

ये. साडेदहाला. कुठे ते तुला खासगी संदेशात लिहिलंय. भावालाही आण, दुभाषी सापडतोय का बघते. त्याने लिहिलेल्या त्या चार कागदांचे फोटो प्रिंट करून आण, प्रत्येकावर तारीख दिसली पाहिजे. आणि दिवाळीला तो मोबाइल बदलायच्या विचारात असेल तर थांबव त्याला, मूळ फोटो त्यातच राहू देत.